नभोवाणीपाशीं बसलेला मुलगा

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशीं एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगा नववीच्या वर्गांतला. गणितांत बरा, इतर विषयांत मध्यम, आणि तास चालूं असतां बाकाच्या कडेवर बोटांनीं ठेका धरून बसणारा. वडिलांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें, कीं चिरंजिवांनीं एका यंत्रासाठीं हट्ट धरिला आहे. त्या यंत्राची किंमत वडिलांच्या एका महिन्याच्या पगाराहून अधिक आहे. आणि तें घेऊन काय करणार असें विचारिलें असतां "मी डीजे होणार" एवढेंच उत्तर मिळतें. "सर, ह्याला संगीत म्हणावयाचें काय? आणि ह्यावर माणसाचें पोट भरतें काय?" असे त्यांनीं दोन सरळ प्रश्न आम्हांस केले.

आम्हांस त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर आमची मान थोडी खालींच गेली, कारण दोन महिन्यांपूर्वीं त्याच मुलाच्या कानांतील इअरफोन काढून घेऊन आम्ही भर वर्गांत म्हणालों होतों, "ढोल बडवावयास दहावीची परीक्षा लागत नाहीं!" वर्ग हंसला होता, मुलगा हंसला नव्हता. ज्या विषयाची आपणांस बिलकुल माहिती नाहीं त्याची थट्टा करणें शिक्षकास शोभत नाहीं, हें त्या वडिलांसमोर बसलों असतां आम्हांस उमगलें. त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि वाचावयास व ऐकावयास आरंभ केला. त्या वाचनांत अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरच्या वॉन ॲटकिन्स ह्या वादकाची जी हकीकत हातीं लागली, ती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपल्या महाराष्ट्रांत 'डीजे' म्हटलें म्हणजे वरातींत किंवा मिरवणुकींत ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत, असाच अर्थ रूढ होऊन बसला आहे. 'डीजे आला', 'डीजे बंद करा' असें लोक त्या भिंतीलाच उद्देशून बोलतात. मूळ शब्द माणसाचा आहे, सामानाचा नव्हे. डिस्क म्हणजे तबकडी, आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरील स्वार. अमेरिकेंत नभोवाणीवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकास हें नांव पडलें, व पुढें नृत्यगृहांत तबकड्या वाजविणाऱ्याकडेही तें गेलें. दुसऱ्यांनीं केलेल्या तबकड्या एकीमागून एक अशा लावावयाच्या, कीं नाचणाऱ्याचें पाऊल कोठें अडूं नये, हें त्याचें काम. 'प्रोड्यूसर' मात्र निराळा. चित्रपटाच्या प्रोड्यूसरप्रमाणें तो पैसे घालणारा नसून, यंत्रांच्या साहाय्यानें स्वर, ताल व त्यांची जुळणी स्वतः करून नवी ध्वनिमुद्रिका तयार करणारा असतो. आपण त्यास रचनाकार म्हणूं. ॲटकिन्स हा आधीं नुसता श्रोता होता, मग रचनाकार झाला, आणि डीजेचा धडा त्यास मध्येंच फजितीसह मिळाला.

त्याचा जन्म १९६२ सालीं डेट्रॉइट येथें झाला. हें शहर मोटारींच्या कारखान्यांचें. १९५० सालीं तेथें सुमारें साडेअठरा लक्ष लोक राहत होते. १९८० सालीं बारा लक्षच उरले. १९६७ च्या उन्हाळ्यांतील दंगलींत तेथें ४३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. ज्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांनीं त्या शहराचें नांव जगभर केलें होतें, तिनेंही १९७२ सालीं आपलें बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलविलें. कारखान्यांत माणसाच्या जागीं यंत्राचे हात येऊं लागले, आणि त्याचा घाव कृष्णवर्णीय कामकरी कुटुंबांवर विशेष बसला. ॲटकिन्सचे वडील गाण्याचे जलसे भरविण्याच्या धंद्यांत असल्यामुळें संगीत त्याला नवें नव्हतें. परंतु त्याचें कुमारवय शहरापासून सुमारें पन्नास किलोमीटर दूर, बेलव्हिल नांवाच्या लहान गांवीं, आजीजवळ गेलें. त्या गांवांत कृष्णवर्णीय कुटुंबें थोडीं, करमणुकीचीं साधनें त्याहून थोडीं.

ही आजी ह्या कथेंतील मुख्य पात्र आहे असें आमचें मत आहे. ती स्वतः ऑर्गन वाजवीत असे, व त्या निमित्तानें वाद्यांच्या दुकानांत तिचें जाणेंयेणें असे. आजीचें काम होईपर्यंत नातू दुकानाच्या मागच्या खोलींतील सिंथेसायझरांच्या खुंट्या पिळीत बसे. गिटार, बास गिटार व ड्रम हीं वाद्यें त्यास थोडींफार येत होतीं. पण ह्या पेटींतून निघणारा आवाज त्यांपैकीं कोणत्याच वाद्याचा नव्हता, आणि तेंच त्याला हवें होतें. अखेर आजीनें त्यास कोर्ग ह्या जपानी कंपनीचा 'एम-एस १०' हा सिंथेसायझर घेऊन दिला. तो १९७८ सालीं बाजारांत आला होता व त्याच्या जातींत स्वस्तांतला होता. तरी पण, हें वाद्य म्हणजे नेमकें काय हें तिच्या वयाच्या क्वचितच कोणास सांगतां आलें असतें. अशा वस्तूसाठीं तिनें पैसे मोजले.

हें यंत्र कसें चालतें, तें पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं नीट पाहून घ्यावें. आपल्या सभागृहांतील पायपेटींत भात्याची हवा पितळी पट्टीस थरथरविते, आणि ती थरथर म्हणजेच स्वर. सिंथेसायझरांत भाता नाहीं, पट्टी नाहीं. विजेचा दाब ठराविक वेगानें खालींवर होतो व कर्ण्याचा पडदा त्याच वेगानें हलतो. सेकंदास ४४० वेळां हलला, कीं एक स्वर. ८८० वेळां हलला, कीं तोच स्वर वरच्या सप्तकांतला. पुढें एक विजेची गाळणी असते. ती आवाजांतील तीक्ष्ण अंश हवा तितका गाळून टाकते. आवाज एकदम उठावा कीं हळूहळू, आणि किती वेळांत विरावा, हें तिसरा भाग ठरवितो. स्वराऐवजीं नुसता पावसासारखा सूं-सूं आवाज घेऊन तो क्षणांत तोडला, तर झांज होते. खोल स्वर झटकन् खालीं सोडला, तर ढोल होतो. एका पेटींतून सबंध ताफा उभा राहतो! अडचण एकच, पण मोठी : 'एम-एस १०' मधून एका वेळीं एकच स्वर निघतो.

ॲटकिन्सनें ही अडचण कॅसेटांनीं दूर केली. आधीं ताल वाजवून एका कॅसेटवर घ्यावयाचा. ती चालूं ठेवून तिच्याबरोबर खर्जाचा भाग वाजवावयाचा, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या कॅसेटवर उतरवावयाचे. मग त्यावर तिसरा भाग. प्रत्येक फेरींत फितीची खरखर वाढते, आणि एक चूक झाली कीं ती फेरी पुन्हां. पालकांस वाटतें कीं यंत्र आलें म्हणजे मेहनत गेली. येथें मेहनतीनें केवळ जागा बदलली, असें आम्हांस दिसतें.

आतां त्याच्या ऐकण्याविषयीं, कारण खरी शाळा ती होती. डेट्रॉइटच्या नभोवाणीवर १९७७ च्या सुमारास 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' असें नांव घेतलेला एक निवेदक रात्रींचा कार्यक्रम करूं लागला. त्यानें आपला चेहरा लोकांपुढें येऊं दिला नाहीं. अंतराळयान उतरत आहे अशा आवाजांनीं त्याचा कार्यक्रम सुरू होई. आपण ऐकत आहों ह्याची खूण म्हणून श्रोत्यांनीं घराबाहेरील दिवे उघडझांप करावे, असें तो सांगे. अमेरिकेंतील नभोवाणींत कृष्णवर्णीयांचें संगीत व गोऱ्यांचें संगीत अशी वांटणीच होऊन बसली होती. मोजोनें ती जुमानली नाहीं. जॉर्ज क्लिंटन ह्यांच्या पार्लमेंट ह्या ताफ्यामागून जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फ शहरांतील क्राफ्टवेर्क ह्या मंडळींची तबकडी तो बिनदिक्कत लावी. पार्लमेंटच्या 'फ्लॅश लाइट' ह्या गाण्यांत बर्नी वॉरेल ह्यांनीं खर्जाचा भाग तारवाद्याऐवजीं सिंथेसायझरवर वाजविला होता. नाचणाऱ्यास त्याचें काय? पण ज्यास हात लावून पाहावयाचा आहे त्याच्या कानास तें लागतें. आणि क्राफ्टवेर्कचें १९७८ चें 'द रोबोट्स' हें गाणें जेव्हां ॲटकिन्सनें प्रथम ऐकलें, तेव्हां तो जागच्या जागीं थिजला, असें त्यानें पुढें सांगितलें आहे. त्या जर्मन मंडळींचा प्रत्येक ठोका आंखून घेतल्यासारखा होता. त्यापुढें आपण घरीं करीत होतों तें किती अघळपघळ, हें त्यास तत्क्षणीं कळलें. आवडतें गाणें ऐकून आपलें काम सुधारावेंसें वाटणें, हा श्रोत्याचा रचनाकार होण्याचा क्षण आम्ही समजतों.

शिक्षक ह्या नात्यानें आम्हांस एका गोष्टीचें विशेष कौतुक वाटलें. ॲटकिन्सच्या शाळेंत 'भविष्यकाळाचा अभ्यास' असा एक वर्ग होता. कारखान्यांचें युग संपून ज्ञानाचें व विद्युत्-यंत्रांचें युग येत आहे, हा तेथील विषय. आणि त्याच ओघांत ॲल्विन टॉफलर ह्या लेखकाशीं त्याचा परिचय झाला. टॉफलर ह्यांचें 'फ्यूचर शॉक' हें पुस्तक १९७० चें व 'द थर्ड वेव्ह' हें १९८० चें. आपल्या शहरांतील बंद पडणारे कारखाने डोळ्यांसमोर असलेल्या मुलास हा विषय पुस्तकी वाटला नसेल. पुढें आपल्या संगीताला व संस्थेला जीं नांवें त्यानें दिलीं, त्यांचें मूळ ह्याच वाचनांत आहे. तो वर्ग घेणाऱ्या शिक्षकास, आपण संगीताचाही तास घेत आहों, ह्याची कल्पना नसावी.

शाळा सोडल्यावर जवळच्या वॉश्तेनॉ कॉलेजांत त्याची रिक डेव्हिस ह्यांच्याशीं गांठ पडली. डेव्हिस वयानें मोठे, व्हिएटनामच्या युद्धांतून परतलेले, व सिंथेसायझरांचा चांगला संग्रह बाळगणारे. दोघांनीं 'सायबोट्रॉन' ह्या नांवानें १९८१ सालीं 'ॲलीज ऑफ युअर माइंड' ही पहिली तबकडी आपल्या हिकमतीवर काढिली. मोजोनें ती नभोवाणीवर लावली, आणि शहरांत तिच्या हजारों प्रती खपल्या. जो मुलगा रात्रीं नभोवाणीस कान लावून बसत होता, त्याचेंच गाणें आतां तेथून ऐकूं येऊं लागलें. १९८३ त 'क्लिअर' ही तबकडी कॅलिफोर्नियाच्या एका कंपनीनें काढिली. पुढें डेव्हिस ह्यांचा कल गिटारीकडे वळला, ॲटकिन्सला तें मान्य नव्हतें, व जोडी फुटली.

फजितीची गोष्ट ह्याच सुमाराची. ॲटकिन्सच्या धाकट्या भावाचा मित्र डेरिक मे हाही बेलव्हिलचाच. हे तरुण 'डीप स्पेस' ह्या नांवानें मेळाव्यांत तबकड्या वाजवूं लागले, आणि १९८१ त केन कॉलियर नांवाच्या नाणावलेल्या डीजेच्या आधीं वाजविण्याची संधि त्यांस मिळाली. दालन भरलेलें होतें, पण कोणी नाचेना. मंडळींनीं लहान, ४५ फेऱ्यांच्या तबकड्या आणल्या होत्या, आणि तबकडी हातानें धरतां यावी म्हणून तिच्याखालीं जी निसरडी चकती घालतात तीही त्यांजपाशीं नव्हती. मग कॉलियर उभे राहिले, आणि पहिल्याच तबकडीला सर्व दालन नाचूं लागलें. तो प्रसंग आपली मान खालीं घालावयास लावणारा होता, असें मे ह्यांनीं पुढें मोकळेपणानें सांगितलें आहे.

कॉलियर ह्यांना काय येत होतें, जें ह्यांना येत नव्हतें? त्याचें एक अंग गणितांत सांगतां येतें. एका तबकडींत मिनिटास १२० ठोके आहेत व दुसरींत १२२, असें समजा. दोन्ही एकत्र सुरू केल्या, तर दर अर्ध्या मिनिटास एक पुढें जाऊन दुसरीपेक्षां पूर्ण एक ठोका अधिक टाकील. म्हणजे पंधराव्या सेकंदास दोन्ही बरोबर अर्ध्या ठोक्यानें विसंगत होतील, व घोड्याच्या टापा अडखळाव्या तसा गोंधळ ऐकूं येईल. म्हणून डीजेच्या तबकडीयंत्रास वेग कमीजास्त करण्याची एक सरकपट्टी असते. ह्या धंद्यांत वर्षानुवर्षें मान्य असलेल्या टेक्निक्स कंपनीच्या यंत्रांत तिनें शेंकडा ८ पर्यंत वेग वाढवितां वा घटवितां येतो. १२४ ची तबकडी १२८ वर न्यावयाची, तर शेंकडा किती सरकवावें? विद्यार्थ्यांनीं सोडवून पाहावें. उत्तर सुमारें ३·२ येतें. पण तें गणित तेथें कागदावर होत नाहीं. एका कानानें दालनांतील तबकडी व दुसऱ्या कानानें पुढची, अशा दोन लयी एकाच वेळीं ऐकून बोटानें तें साधावें लागतें. आणि कोणती तबकडी कोणत्या क्षणीं, हें गणितांत मुळींच बसत नाहीं. तें समोरच्या माणसांच्या पावलांकडे पाहून कळतें. ॲटकिन्स व मे ह्यांनीं त्या रात्रीनंतर हें सर्व शिकून घेतलें.

येथें तालयंत्राविषयीं दोन शब्द, कारण त्यांतून आपल्या मुंबईकडे एक वाट येते. रोलँड ह्या जपानी कंपनीनें १९८० सालीं 'टी-आर ८०८' हें यंत्र काढिलें. त्यावर सोळा बटनें ओळीनें असतात. ज्या घरांत ठोका हवा तें दाबावें, म्हणजे यंत्र तें आवर्तन न थकतां फिरवीत राहतें. त्रितालाच्या सोळा मात्रांची आठवण होते. फरक हा, कीं येथें चार घरें मिळून एक ठोका. त्याचा ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाहीं म्हणून जाणत्यांनीं नाक मुरडलें, १९८३ त कंपनीनें तें बंद केलें, आणि जुनीं यंत्रें स्वस्तांत तरुणांच्या हातीं गेलीं. त्यांनीं तो ढोल आहे तसाच, नवा आवाज म्हणून स्वीकारिला. हेंच तालयंत्र व त्याच कंपनीचे दुसरे दोन सिंथेसायझर घेऊन मुंबईच्या चित्रपट-संगीतांतील वादक चरणजीत सिंग ह्यांनीं १९८२ सालीं दहा राग एका संथ न होणाऱ्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्या वेळीं कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. २०१० सालीं ती ध्वनिमुद्रिका पुन्हां निघाली, तेव्हां युरोपांतील लोक चकित झाले, आणि वृद्धापकाळीं चरणजीत सिंग ह्यांस परदेशीं बोलावणीं येऊं लागलीं. ते २०१५ त निवर्तले. समुद्रापलीकडचे हे वादक एकमेकांस ओळखत नव्हते. यंत्र तेवढें एका घराण्याचें होतें.

ॲटकिन्सनें १९८५ सालीं 'मेट्रोप्लेक्स' ही स्वतःची संस्था काढिली, आणि 'मॉडेल ५००' ह्या टोपणनांवानें 'नो यू-एफ-ओज' ही तबकडी प्रसिद्ध केली. डेरिक मे व त्याच शाळेंतील केव्हिन सॉन्डरसन ह्यांनींही आपापल्या संस्था काढिल्या. तिघांच्या खोल्या डेट्रॉइटच्या भाजीबाजाराजवळ एकाच रस्त्यावर होत्या. १९८८ त ह्या मंडळींच्या रचनांचा संग्रह इंग्लंडांत निघावयाचा होता. त्याचें नांव शिकागोच्या 'हाउस' संगीताच्या धर्तीवर ठेवावयाचें ठरत होतें. परंतु ॲटकिन्सनें दिलेल्या रचनेचें नांव 'टेक्नो म्युझिक' असें होतें, त्यावरून बेत बदलला, आणि 'टेक्नो' हा शब्द मुखपृष्ठावर गेला. त्याच वर्षीं सॉन्डरसन ह्यांच्या 'इनर सिटी' ह्या ताफ्याचीं दोन गाणीं इंग्लंडच्या खपाच्या यादींत पहिल्या दहांत गेलीं. बर्लिन, लंडन, ॲम्स्टरडॅम येथें ह्या वादकांस डोक्यावर घेतलें. त्यांच्या स्वतःच्या देशांत मात्र पुष्कळांस त्यांचें नांवही ठाऊक नव्हतें. डेट्रॉइटच्या नदीकांठीं ह्या संगीताचा पहिला मोठा मोफत महोत्सव भरावयास २००० साल उजाडावें लागलें.

आठ दिवसांनीं ते गृहस्थ आले. पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं निःशंक दिलें : हें संगीत आहे, आणि त्यास कान लागतो. दुसऱ्यास दिलें तें तितकें गोड नव्हतें. ह्या धंद्यांत थोड्यांचें पोट चांगलें भरतें, पुष्कळांस दुसरी नोकरी करावी लागते, आणि कोणाचें काय होईल हें आधीं सांगतां येत नाहीं. शिवाय कानांची काळजी : १०० डेसिबलच्या आवाजांत दिवसाकाठीं पाव तासाहून अधिक राहणें श्रवणास घातक मानितात, आणि मिरवणुकींतील भिंतीपुढें तर पोरें तासन् तास उभीं असतात. यंत्र इतक्यांत घेऊं नये, असेंही आम्हीं सुचविलें. कारण पूर्वीं ज्यास दुकानभर यंत्रें लागत, तें काम आतां शाळेच्या संगणकावर एका फुकट मिळणाऱ्या प्रणालीनें करतां येतें. गृहस्थ कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, त्याची आजी पैसे द्यावयास तयार आहे. मीच अडविलें आहे." आम्हांस हंसूं आलें, आणि डेट्रॉइटची गोष्ट त्यांस पहिल्यापासून सांगावी लागली.

जें वर्गांत बोललों होतों तें वर्गांतच परत घेणें भाग होतें. तें दुसऱ्या दिवशीं पहिल्या तासास घेतलें. हल्लीं तो मुलगा शनिवारीं दुपारीं संगणकाच्या खोलींत एक तास बसतो. त्यानें सभागृहांतील जुन्या पायपेटीचे आवाज एकेक करून टिपून घेतले आहेत; भात्याच्या फुस्स अशा आवाजापासून झांज केली आहे, आणि पायट्याच्या खडखडाटापासून ढोल. त्या पेटीचा एक स्वर कित्येक वर्षें बिघडलेला आहे, म्हणून सुट्टींत कारागीर बोलाविला होता. मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, कीं तोच स्वर त्याच्या रचनेंत दर सोळाव्या घरांत येतो, आणि काम अजून पुरें झालेलें नाहीं. कारागिरास पंधरा दिवस थांबावयास सांगितलें आहे.